हरबाचं कोरडं इंजिन

एका खाडीच्या अलीकडल्या काठाला एक हरबा राहत होता, आणि त्याच्यापेक्षा त्याचा रुबाब जरा जास्त जागा अडवून राहत होता. त्याच्याकडे इंजिनाची छोटी होडी होती. पुढे मोटारीसारखं चाक. त्या चाकामागे बसला की हरबाला वाटे, ही खाडी आपल्याच आजोबांनी खणली.

एकदा त्याने होडीसाठी जोडइंजिन आणलं. मोठ्या इंजिनाने दगा दिला तर हे धाकटं हाताशी असावं, म्हणून. विचार चांगलाच होता. हरबाच्या डोक्यात विचार चांगलेच येतात, बाहेर पडेपर्यंत त्यांचं काहीतरी होतं.

इसाक मिस्त्री ते मागच्या फळीवर बसवायला आला. म्हणाला, "पंखा बुडेल इतकं खाली घेऊ."

"खाली? खारं पाणी लागेल त्याला!"

"अहो, होडीचं इंजिन. पाणी नाही लागणार तर काय लागणार?"

"नवं आहे ते!"

हरबाची बायको द्वारका एरवी नवऱ्याच्या 'हो'ला 'नाही' म्हणायची. पण नव्या वस्तूला डाग नको, यावर दोघांचं एकमत. "वरच बसवा हो," तीही म्हणाली, "शोभतं."

मिस्त्रीने दोघांना हात जोडले आणि इंजिन वीतभर उंच बसवलं. "निदान एकदा चालवून तरी बघा. याला चाक नाही. मागे बसून दांड्याने वळवायचं."

"मला होडी शिकवतोस?" हरबा म्हणाला.

द्वारकेने इंजिनाला फुलाफुलांचा अभ्रा शिवला. दसऱ्याला माळ घातली. चालवलं मात्र कुणी नाही.

पुढे हरबाच्या भाचीचं, कमळीचं लग्न पलीकडच्या काठाला ठरलं. हरबा तिचा एकुलता एक सख्खा मामा. भाचीला बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान त्याचा. त्या मानासाठी तो कमळी रांगत होती तेव्हापासून अडून बसला होता.

"दादा, आदल्या दिवशीच ये," बहीण इंदू म्हणाली.

"आदल्या दिवशी आचारी येतात. मामा घटकेला येतो. होडीतून!"

लग्नाच्या दिवशी हरबा फेटा बांधून निघाला. सोबत द्वारका, आणि पुढच्या मानाच्या जागी भिकूआत्या. आत्या बसली की होडी वाकून नमस्कार करायची.

खाडीच्या मध्यावर मोठं इंजिन खोकलं, आणि गप्प झालं. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकू लागली. तिथे वाळूच्या बांधावर लाटा फुटतात आणि चांगल्या चांगल्या होड्या पालथ्या पडतात.

"नांगर टाका!" द्वारका ओरडली.

"नांगर घरी आहे. रंग खरवडतो तो."

गावच्या साऱ्या होड्या लग्नाला पलीकडे बांधलेल्या. हरबाने फेटा सोडून हलवला. बँडवाल्यांना वाटलं, मामा नाचतोय. त्यांनी आणखी जोरात वाजवलं.

"घाबरता कशाला? जोडइंजिन आहे!" हरबाने अभ्रा काढला, दोरी ओढली. इंजिन लगेच सुरू झालं. आवाज काय सुंदर! पण होडी हलेना. पंखा हवेत गरगरत होता. घरात टांगला असता तर जेवताना वारा तरी लागला असता.

"हरबा," आत्या म्हणाली, "पाणी कापायचंय की वारा?"

हरबा वैतागून पुन्हा पुढे जाऊन बसला आणि चाक फिरवू लागला. डावीकडे, उजवीकडे. "वळत कशी नाही ही?"

"ते चाक बंद पडलेल्या इंजिनाचं आहे!" म्हणत द्वारका तणतणत मागे गेली. तिच्या वजनाने होडीची मागची बाजू जराशी दबली, आणि पंख्याने तिच्या पैठणीवर पाणी उडवलं.

हरबाने ते पाहिलं. मग समोरचा पांढरा फेस पाहिला. चाक सोडणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण जीव त्याहून मोठा. तो उठला.

"आत्या, मागे या."

"मी? मानाची जागा सोडून पेट्रोलच्या वासात?"

"आत्या, आज तुमच्या वजनावरच सारं आहे!" हरबाने हात जोडले.

"बघ, शेवटी कुणीतरी हात जोडले माझ्या वजनाला," म्हणत आत्या मागे जाऊन बसली. होडीचं नाक आभाळात गेलं, पंखा पाण्यात बुडाला आणि होडी निघाली. निघाली ती गोल गोल. हरबाने दांडा डावीकडे ओढला तर ती उजवीकडे वळे. उजवीकडे ढकलला तर डावीकडे. "अगं, चाक सरळ धर!" तो ओरडला. द्वारकेने पुढे जाऊन चाक फिरवलं, मागचं वाकडं राहिलेलं मोठं इंजिन सरळ झालं, तेव्हा कुठे होडी काठाकडे तोंड करून बदकासारखी चालू लागली.

तेवढ्यात पलीकडून कर्ण्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. एक कडवं संपलं. दुसरं संपलं. हरबा पंख्याने उडवलेल्या खाऱ्या पाण्याने निथळत दांडा धरून बसला होता. "थांबा रे," तो पुटपुटला, "मामा आलाय!" भटजींना काय ऐकू जाणार? शेवटचं 'सावधान' झालं, ताशा वाजला, आणि होडी काठाला लागली.

हरबा धावत मांडवात शिरला. अंतरपाट केव्हाच खाली आला होता. कमळीच्या पाठीशी जयवंता, हरबाचा चुलतभाऊ, ऐटीत उभा होता.

"याला कुणी उभं केलं?"

"मी," इंदू म्हणाली. "दादा, तुझी होडी मला ठाऊक. म्हणून कालच याच्याकडून सगळं करून घेतलं. मुलीला कसं आणायचं, कुठे उभं राहायचं. आधी चुकला, मग जमलं त्याला."

कुणीतरी हरबाच्या हातावर उरलेल्या अक्षता ठेवल्या. त्याने त्या कमळीवर टाकल्या. पण हात ओला होता. अक्षता हातालाच चिकटून राहिल्या.

तात्पर्य: अडीअडचणीसाठी जे जोडीला ठेवाल, ते अडचण नसतानाच एकदा राबवून बघा, नुसतं जपून ठेवलेलं ऐनवेळी वारा घालतं.