तांबड्या मातीचे हात

"पण वस्ताद, शर्यतीची घेऊ की लांब पल्ल्याची?"

इंद्रजितनं पुन्हा तेच विचारलं.

बाबालाल वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले होते. उमेदीत आधी कुस्ती गाजवली, मग सायकलच्या शर्यती. दोन्हीकडची पोरं अजून त्यांच्याकडं सल्ल्याला येत.

"दोन्हींत फरक काय रं?"

"शर्यतीची सायकल कंबरेत वाकवते, वारा कापते. दुसरीवर ताठ बसून सावकाश जायचं... म्हाताऱ्यांसारखं." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

वस्ताद हसले. "मग घे की शर्यतीची. माझ्याकडं कशाला आलास?"

इंद्रजितचा चेहरा पडला. दर रविवारच्या सायकलफेरीत सोबती पुढं निघून जात नि हा मागं एकटाच उरे. ते त्याला फार लागे.

"नव्या सायकलवरही मागं पडलो, तर हा नादच सोडीन, वस्ताद. म्हणून चुकायला नको."

"आत्ता कसा चालवतोस?"

"कायम वाकून. हँडलच्या खाली वळलेल्या बाकाला धरून."

बढाई मारायला कुठं पैसे पडतात! वस्ताद उठले. आखाड्यातली तेल-ताक मुरलेली तांबडी माती त्यांनी मूठभर उचलली आणि कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानाला लावावी तशी त्याच्या तळहातांना चोळली.

"जा. देवीच्या माळाला वळसा घालून ये. तुझ्या नेहमीच्या चालीनं."

इंद्रजित निघाला तो ऐटीत. परतला मात्र बऱ्याच उशिरानं. घामाघूम होता, पण चेहरा खुललेला.

वस्तादांनी सायकल उन्हाकडं वळवली. हँडलवरची पांढरी पट्टी वरच्या अंगाला तांबडीलाल झाली होती. खालचे बाक मात्र कोरे करकरीत.

इंद्रजित बघतच राहिला.

"पण मी तर... मला वाटायचं..."

वस्तादांची नजर त्याच्या पाठीकडं गेली.

"खिसा कशानं फुगलाय?"

त्यानं ओशाळून पाठीवरच्या खिशातून हरभऱ्याचे हिरवे डहाळे काढले. "माळावर बायका हरभरा उपटत होत्या. एक आजी म्हणाली, लेकरा, चार दाणे खाऊन जा. काय टपोरे घाटे भरलेत, वस्ताद! वरनं करडईसुद्धा फुललीय..." तो एकदम थांबला. "उतरायला नको होतं मी."

वस्तादांनी एक घाटा सोलून तोंडात टाकला.

"मग... कुठली घेऊ?"

वस्ताद सावकाश चावत राहिले.

"पुढं गेलेल्यांना विचारून ये जा, माळावर औंदा काय पिकलंय."