कातळानं दिलेली जागा

डोंगर आग ओकत होते त्या काळी लाव्हा थिजून एक काळा कातळ जन्मला. वाऱ्यानं गवताचं बी आणलं की तो गुरकावायचा, "मी आगीचा लेक! इथं जागा नाही, पुढं हो."

पुढं त्याच्या अंगावर दगडफूल उगवलं आणि त्याला हळूहळू कुरतडू लागलं. ऊन-पावसानं भेगा पडल्या. कातळ भांडला, कण्हला, शेवटी थकला. "खा बाबा, एकदाचा संपव मला."

"दमानं, आजोबा," दगडफूल म्हणालं. "मलाही घाई जमत नाही."

युगं लोटली. पुन्हा एक बी आलं आणि भीत भीत म्हणालं, "आजोबा, इथं टेकू का?"

माती झालेला कातळ दमल्या आवाजात म्हणाला, "टेक बाळा. मी होतो तोवर जागा नव्हती."