कमरेकडे जाणारा हात

"पण वस्ताद, यातलं घेऊ कुठलं, तेवढं सांगा की."

जालिंदरने पुन्हा विचारलं.

नबीलाल वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर उकिडवे बसून ते तांबड्या मातीतले खडे वेचत होते. दुपार टळत आली होती. तालमीत दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी पोरं उतरण्याआधी सगळी माती एकदा हाताखालून घालायची, ही त्यांची रोजची रीत.

जालिंदरने काठावर दोन वस्तू मांडल्या होत्या. सुताराकडून घडवून घेतलेली दोन लाकडी पिस्तुलं. एक बारकं, एक त्याहून जरासं मोठं. मापं दुकानातून आणलेली. वजन बरोबर यावं म्हणून आत शिसं ओतलेलं.

"खरी कुठं हायती?"

"शहरात, दुकानात. परवान्यावर नोंद झाल्याशिवाय दुकानदार बाहेर नेऊ देत नाही. आणि एकदा नोंद झाली की बदलून मिळणं मुश्कील. म्हणून आठवडाभर ही दोन्ही आलटून पालटून कमरेला लावून हिंडतोय. आज दुकान बंद व्हायच्या आत काय ते ठरवायचं."

"हिंडून काय कळलं?"

जालिंदर सरसावून बसला. हे कुणीतरी विचारावं म्हणूनच तो आला होता.

जालिंदर वाघमोडे एकेकाळी याच हौद्यातला पैलवान. पुढे बी.ए. झाला, गावचा सरपंच झाला. गाव इथून दोन कोसांवर, पण तालमीची पायरी चढून त्याला वर्षं झाली होती. खरं म्हणजे त्याला सल्ला नकोच होता. आपण या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केलाय, हे एखाद्या जाणत्या माणसाने ऐकून घ्यावं आणि 'शाबास' म्हणावं, एवढीच अपेक्षा.

"हे बारकं बघा. दोन्हीची गोळी तीच, बत्तीस बोअर. पण हे चपटं. सदऱ्याखाली गेलं की गेलं. मोटारसायकलवर बसा, मांडी घालून जेवायला बसा, शेजारच्याला पत्ता लागत नाही. खोट एकच. मूठ आखूड आहे. करंगळीला जागा नाही, ती खाली लोंबते. बार काढला की हातात उसळतं. दुकानदार म्हणाला, याला सराव लागतो."

"आन् हे?"

"हे धरून बघा. कसं मुठीत भरतं. गोळ्याही जास्त बसतात. झटका कमी, नेम हलत नाही. पण जाड आहे. वाकलं की सदऱ्याला कोपरा येतो. उन्हाळ्यात तर घामाने कापड चिकटलं की झालंच."

वस्तादांनी एक खडा भिंतीकडे भिरकावला.

"म्हंजे लपतंय ते हातात बसत न्हाई. आन् हातात बसतंय ते लपत न्हाई."

"तेच तर म्हणतोय मी."

"लपवायचं कुनापासनं?"

"सगळ्यांपासून. हत्यार आहे हे आधी कळलं तर माणूस तयारीने येतो. पहिलं तेच हिसकावतो. लपवून बाळगण्यातच सगळी मेख आहे वस्ताद."

"एस्टी स्टँडवर बोर्ड लागलाय तुझा."

जालिंदरने घसा खाकरला.

बोर्ड लागला होता, आणि चांगला दोन मजले उंच. 'शस्त्र परवाना मिळाल्याबद्दल कार्यसम्राट सरपंचांचे हार्दिक अभिनंदन.' मध्यभागी गॉगल लावलेला जालिंदर. दोन्ही कोपऱ्यांत पिस्तुलाची चित्रं. खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग.

"मित्रमंडळानं लावला. मी नको म्हणत होतो."

"गॉगल तुझाच दिसतोय."

"थट्टा करू नका वस्ताद. सुबरावचा पाय बघितलाय ना तुम्ही?"

वस्तादांचा हात मातीत थांबला.

सुबराव लोखंडे हा गावचा उपसरपंच. गावच्या गायरानाला लागून एका बड्या ठेकेदाराचा खडी क्रशर. मंजुरी मिळाली होती मूठभर जागेची, आणि पोखरला होता अख्खा डोंगर. विहिरींच्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. जालिंदर आणि सुबराव, दोघांनी मिळून त्या जागेच्या सरकारी मोजणीचा अर्ज दिला. त्यानंतर काही दिवसांनी सुबराव बाजारातून एकटा परतत होता. क्रशरवरच्या चौघांनी गजांनी त्याचा पाय फोडला. त्याने चौघांची नावं सांगितली, बापांच्या नावांसकट. फिर्यादीत उतरलं, 'अज्ञात इसम'.

मग जालिंदरला फोन आला. आता तुझी पाळी.

त्याने पोलिसांकडे त्या चौघांची अटक मागितली. तपास चालू आहे म्हणाले. संरक्षण मागितलं. माणूस शिल्लक नाही म्हणाले. पिस्तुलाचा परवाना मागितला, आणि ज्या कागदासाठी लोक कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, तो कागद हातोहात आला. गुन्हेगाराला हात लावायचा नसला की सरकार फिर्यादीच्या हातात कागद ठेवतं. आणि फिर्यादी तो कागद देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहतो. जालिंदरने वाहिलं होतं.

"बघितलाय पाय," वस्ताद म्हणाले. "वाकडा जुळलाय."

"मग? हा काही शौक नाही माझा."

"न्हाईच. लाव कमरंला."

"कुठलं?"

"लपतंय ते."

जालिंदरने बारकं पिस्तूल पँटमध्ये खोचलं, सदरा खाली ओढला आणि एक गिरकी घेतली.

"दिसतंय?"

"अजाबात न्हाई."

जालिंदर हसला.

"त्या माठातलं पानी दे तांब्याभर."

तो माठाकडे गेला. वाकायच्या आधी त्याने सदऱ्याची किनार चाचपली. पाणी घेऊन वळला, तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल फटफटत थांबली. तांब्या डाव्या हातात गेला. उजवा कमरेवर. मोटारसायकल पुढे निघून गेली. कुणी दूधवाला असावा.

वस्ताद सावकाश पाणी प्याले.

"आता दुसरं लाव. आन् ती नाल जरा तिकडं भिंतीला ठेव. पोरांच्या पायात येती."

व्यायामाची दगडी नाल. दोन्ही हातांनी उचलायची, हे या तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात. जालिंदरने ती एका हाताने ओढली. दुसरा हात मोठ्या पिस्तुलाचा कोपरा दाबून धरत होता. नाल अर्ध्या वाटेत हातातून सुटली. त्याच्या अंगठ्यावर पडता पडता राहिली.

तो परत येऊन बसला. बसतानाही आधी कंबर सावरली, मग टेकला.

"जाल्या…"

कितीतरी वर्षांनी त्याला कुणी जाल्या म्हटलं होतं.

"समोरच्या पैलवानाची बरगडी दुखतीया, हे कसं वळखायचं?"

"हात बघून." जालिंदरने शाळेतल्यासारखं उत्तर दिलं. "तो सांगत नाही, चेहऱ्यावर दाखवत नाही. पण हात सारखा तिथं जातो."

"मग?"

"मग आपण तिथंच…"

तो थांबला.

त्याने खाली पाहिलं. हात कमरेवर होता. त्याने तो उचलून गुडघ्यावर ठेवला.

वस्ताद पुन्हा खडे वेचू लागले.

थोड्या वेळाने हात परत कमरेवर होता.

"कुठलं बी घे," वस्ताद म्हणाले. "दोन्हीत सारखाच दिसतोयस."

जालिंदरची कानशिलं तापली.

"म्हणजे घेऊच नको म्हणता? तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुम्ही इथं माती चाळत बसा. गज माझ्या पायावर पडायचेत. बायको रात्रभर जागी असते. कुत्रं भुंकलं की उठून बसते. माझी हौस म्हणून नाही…"

"घे की. मी कुठं नको म्हनलो?"

"मग हे सगळं कशाला?"

"तू कुठलं ते इचारलंस. मी सांगितलं."

जालिंदरने दोन्ही लाकडं उचलून पिशवीत टाकली. शहराची गाडी थोड्याच वेळात फाट्यावर येणार होती. ती चुकली तर दुकान आज मिळणार नव्हतं, आणि उद्या फार उशीर झालेला असेल. पण तो उठला नाही.

"मोजनी कवा हाय?" वस्तादांनी विचारलं.

"उद्या. सकाळी नऊला. तारीख अखेर पडली. म्हणून तर आज पिस्तूल पाहिजे."

"कोन कोन जानार?"

"मोजणीवाले साहेब. तलाठी. मी."

"आन् गावातलं?"

"मी आहे की."

"अर्ज द्याया निघालासा तवा माझ्या दारावरनं गेलासा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मान्सं हुती. बायाबी हुत्या."

"होत्या."

"सुबरावला मारल्यावर?"

"तेव्हा तर जास्तच. रात्री ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, पोरं झोपायला यायची. मी कुठं निघालो की मागे दोन-तीन मोटारसायकली. शेजारची शेवंताबाई तर खुरपं घेऊन दारात बसायची. म्हणायची, येऊ दे कोण येतो ते."

हे सांगताना तो किंचित हसला. मग हसू मावळलं.

"परवाना आला तसं मीच म्हटलं, जावा आता घरी. किती दिवस तुम्हाला त्रास द्यायचा."

"गेली?"

"लोकांचीही कामं असतात वस्ताद. कोळपण्या राहिल्या होत्या."

"काय म्हनाली जाताना?"



"शेवंताबाई म्हणाली… सरपंच, तुमच्याकडं आता हत्यार आलं. तुम्हाला आता कुणाची गरज."

"रागानं?"

"नाही. कौतुकानं."

…

दूर कुठेतरी डंपरचा भोंगा वाजला. जालिंदरने हात गुडघ्यावरच दाबून धरला.

"आज कुनासंगं आलास?"

"एकटाच."

वस्तादांनी ओंजळभर माती उचलली, बोटांतून सोडली. एकही खडा नव्हता. तरी त्यांनी पुन्हा उचलली.

"परवाना दिला त्या साहेबाला पेढं दिलंस?"

"दिले. दोन खाल्ले त्यांनी. पाठीवर थाप मारली. म्हणाले, सरपंच, आता आमची काळजी मिटली."

"मिटनारच."

जालिंदरने चमकून वर पाहिलं. वस्ताद मातीकडेच बघत होते.

 ओसरीवरच्या त्या रात्री जालिंदरला आठवत होत्या. डास फोडून काढायचे. कुणीतरी पहाटेपर्यंत घोरायचं. तेव्हा त्याला गाढ झोप लागायची. परवाना आल्यापासून लागली नव्हती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि स्वतःशी तर मुळीच कबूल केलं नव्हतं.

फाट्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. दुकान त्या बाजूला. गाव या बाजूला.

वस्ताद उठले. उठताना दोन्ही गुडघे वाजले. भिंत धरून ते नळापर्यंत गेले, हाताची माती धुतली, खांद्यावरच्या पंच्याला पुसली.

"नऊला म्हनलास न्हवं?"

"हो. का?"

"मी येतो."

"कुठं?"

"मोजनीला. चालत निघतो सकाळच्यानं. हितनं तुझ्या गावातनंच वाट हाय."

"काहीतरीच काय वस्ताद." जालिंदर उठून उभाच राहिला. "तुमचं वय काय, गुडघे काय. तिथं त्यांची माणसं असतील. गज असतील, आणखी काय काय असेल. मलाच खात्री नाही माझी. तुम्हाला कोण सांभाळणार? तुमच्या हातात तर साधी काठीसुद्धा नसते."

नबीलाल वस्तादांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"गावात जाऊन तेवढंच सांग. वस्ताद येतोय, हातात काठीबी न्हाई."