कांचनीची हाक

एका राज्यात असा राजा होता, की त्याला सगळे येत होते, फक्त थांबता येत नव्हते. नाव भद्रसेन. आंब्याची अढी घातली की दुसऱ्याच दिवशी पेंढा उपसून बघणार. विरजण लावले की घटकाभरात बोट बुडवणार. दूताने दारात पाऊल टाकायच्या आत निरोप विचारणार. मनाने मात्र लोण्याहून मऊ. प्रजेवर माया, मुक्या जनावरांवर माया, आणि राणी पद्मगंधेवर तर एवढी, की ती माहेरी गेली की हा मागोमाग हजर. सासुरवाडीचे लोक तोंडावर पदर घेऊन हसत, पण याला त्याचे काही नसे.

राज्याच्या उत्तरेला काळा पहाड होता. तिथल्या गुहेत कपिलजट नावाच्या मांत्रिकाने राज्याच्या पडत्या काळासाठी द्रव्य राखून ठेवले होते. त्याने राजाला बजावले होते, "वेळ आली की दार आपोआप उघडेल. तोवर कडीला हात लावू नकोस." एवढे ऐकल्यावर भद्रसेनाच्या डोळ्याला डोळा कसा लागावा? एका सकाळी राणीला संगती घेऊन तो पहाड चढला आणि त्याने कडी तोडली. आत सोन्याच्या राशी होत्या, त्यांचा जागच्या जागी कोळसा झाला. शेजारी दिवा धरून राणी उभी होती, तिचा पाषाण झाला.

मांत्रिक आला. तो रागावला नाही, आणि राजाला त्याचेच जास्त भय वाटले.

"चुकलो," राजा म्हणाला. "हवे तर राज्य घ्या, पण हिला उठवा."

"राज्य घेऊन मी काय करू?" मांत्रिकाने झोळीतून दोन पिल्ले काढली. "ही डोंगरसिंहांची पोरकी पिल्ले. मादी या कड्यावरची, नर त्या कड्यावरचा. त्यांच्या कुळात आता एवढीच उरली. घरी ने, वाढव. ज्या दिवशी यांचे पिल्लू तुझ्या दारी जन्मून आपल्या पायांनी गुहेबाहेर येईल, त्या दिवशी राणी उठेल. कूळ बुडाले, तर ती कायमची पाषाण."

"मंत्र सांगा."

"मंत्र नाही. हुकूम चालणार नाही, तलवार चालणार नाही. तुला जे येत नाही तेच तीनदा करावे लागेल."

राजाने पिल्ले पागोट्यात गुंडाळून आणली. मादीचे नाव ठेवले कांचनी, नराचे पिंगळ. डोंगरसिंह म्हणजे आपला आयाळीचा सिंह नव्हे. अंग भाजल्या मातीच्या रंगाचे, मान उघडी, शेपूट लांब आणि जाड. त्याला डरकाळी येत नाही. खुशीत असला की तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. राजाने त्यांना आपल्या हाताने दूध पाजले. पाषाणराणीला महालात आणून तिच्या आवडत्या खिडकीशी उभे केले होते, तिच्यापाशी तो रोज सकाळी जाई आणि सगळे सांगे. "आज कांचनीने माझा जोडा खाल्ला. पिंगळ अजून भित्रा आहे, स्वतःच्या शेपटीला दचकतो." राणी ऐकत होती की नाही कोण जाणे, पण राजाचा दिवस त्याशिवाय सुरू होत नसे.

पिल्ले वाढली, वयात आली. मग काय विचारता? राजाने राजज्योतिषी शंभुभटांना बोलावले आणि म्हणाला, "लग्न काढा. पहिला मुहूर्त कोणता?"

"उद्याचा आहे, महाराज. पण वधूवर..."

"उद्याच."

श्वापदशाळेचा अधिकारी हंबीर होता. जनावरांत जन्म गेलेला माणूस, पण राजाज्ञेपुढे तोही गप्प बसला, आणि खरे सांगायचे तर सिंहाचे लग्न बघायची त्यालाही हौस होती. मांडव पडला. पिंगळाला मुंडावळ्या बांधल्या, त्या त्याने चावून गिळल्या. कांचनीच्या पिंजऱ्याला हळद लावली. दोघांच्या मध्ये जरीचा अंतरपाट धरला. शंभुभटांनी खड्या आवाजात मंगलाष्टके म्हटली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पिंजरा उघडला आणि अंतरपाट दूर झाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे म्हणतात. इथे नवरा बिचारा गरीब होता, उतावळा राजाच होता. कांचनीने कान पाडले, दात दाखवले आणि एका फटक्यात पिंगळाचा कान फाडला. वऱ्हाडी वाट फुटेल तिकडे पळाले. शंभुभट मांडवाच्या खांबावर चढले, ते संध्याकाळी उतरले.

राजा एकटाच मांडवात बसून राहिला. पिंगळाच्या कानाला हळद लावता लावता त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात आढ्यावरून कोणी बोलले.

"राजा, लग्न झोकात झाले. नवरीला विचारले होते का?"

वर एक साळुंकी बसली होती. काळ्या पहाडावरची होती, त्यामुळे तिला बोलता येत होते.

"साळुंकीबाई, थट्टा करू नका. माझी राणी यात अडकली आहे."

"म्हणून तर आले. डोंगरात ही जात एकटी राहते. नर एका रानात, मादी दुसऱ्या रानात. मादी माजावर आली की तीच हाक मारते, मग नर येतो. हाकेशिवाय आला तर मार खातो. दोघांना वेगळे ठेव. मध्ये जाळीचे दार कर, म्हणजे एकमेकांचा वास लागेल. आणि तिच्या हाकेची वाट बघ."

"ती कधी हाक मारणार?"

"तिने दोनदा मारली आहे. तुम्ही ऐकू दिली नाही."

झाले होते ते असे. त्या राज्यात जुनी चाल होती, की राजवाड्याजवळ श्वापद रडले तर ढोल बडवून अवदसा हाकलायची. डोंगरसिंहीण माजावर येते तेव्हा तिचा आवाज ऐकवत नाही. वाटते कोणी बाई ऊर फोडून रडते आहे. कांचनी पहिल्यांदा अशी ओरडली तेव्हा नगरातले झाडून सगळे ढोल श्वापदशाळेपाशी जमले. कडुनिंबाचा धूर केला. ती भिऊन कोपऱ्यात बसली आणि तिचा माज तसाच सरला. पुढच्या खेपेलाही तेच. राजा स्वतः पुढे होऊन ढोल वाजवत होता. ते आठवून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

हे पहिले काम होते, आणि ते वाटते तेवढे सोपे नव्हते. राजाने ढोल बंद केले, दोघांच्या मध्ये जाळीचे दार केले. महिनाभराने कांचनी पुन्हा ओरडू लागली. पहाटे, भर दुपारी, दिवेलागणीला. नगरातल्या बायाबापड्या कानात बोटे घालून राजवाड्यावर आल्या. "महाराज, लेकरे झोपत नाहीत. अपशकुन आहे हा."

"अपशकुन नाही," राजा म्हणाला. "ती कोणाला तरी बोलावते आहे. मला आजवर कळले नाही, तुम्हाला कसे कळावे? माझ्यासाठी एवढे सोसा." लोकांनी सोसले. राणीचा जीव सगळ्यांनाच प्यारा होता.

मग दुसरे काम आले. जाळीच्या दाराची कडी राजाच्या ताब्यात होती. हाक ऐकल्याबरोबर त्याने ती धरली, तशी साळुंकी त्याच्या मनगटावर येऊन बसली.

"थांब. हाक म्हणजे होकार नव्हे. आधी तिच्याकडे बघ."

राजा बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी बसून नुसता बघत होता. कांचनी गजांना गाल घासत होती, जमिनीवर लोळत होती, समोरचे मांस हुंगून सोडून देत होती. पिंगळ जाळीपाशी आला की मात्र अजून गुरकावत होती. दुसऱ्या दिवशी गुरकावणे कमी झाले. पिंगळ फाटका कान पाडून पलीकडे बसला होता आणि पाखरासारखी बारीक शीळ घालत होता. राजाचा हात तीनदा कडीकडे गेला, तीनदा त्याने तो मांडीखाली दाबून ठेवला. मग एका सकाळी कांचनी स्वतःहून जाळीला अंग टेकून बसली, तिने पाठ पिंगळाकडे केली आणि शेपूट एका बाजूला घेतली. त्याने तिची मान हुंगली, तिने हूं की चूं केले नाही.

"आता," साळुंकी म्हणाली.

राजाने कडी काढली आणि शिष्टाचार म्हणून तोंड फिरवले.

काही दिवस दोघांचे गूळपीठ होते. एकत्र खात, एकत्र उन्हाला पडत. राजाचा जीव सुपाएवढा झाला. मग एके दिवशी कांचनीने पिंगळावर पंजा उगारला, आणि साळुंकी म्हणाली, "झाले. त्याला बाहेर काढ. परत आत सोडू नकोस."

"नवऱ्याला बायकोपासून तोडू? माझ्याने नाही होणार. मला ठाऊक आहे ते कसे असते."

"ते तुझे आहे, राजा. यांचे वेगळे. डोंगरातला नर पिल्लाला आपले म्हणून ओळखत नाही, मारून टाकतो. तुझी माया तुझ्यापाशी ठेव, तिला तिच्या रीतीने राहू दे."

राजाने पिंगळाला दुसऱ्या टोकाच्या आवारात नेले. पिंगळ पाय पसरून खुशाल झोपी गेला. राजालाच दोन घास कमी गेले.

कांचनीच्या आवारात दगडाची खोल, अंधारी गुहा केली. तिला एक लाकडी दार आणि बाहेरून कडी. मांस सरकवायला खाली एक फट, आणि कांचनीला यायला-जायला मागून वाट. साळुंकी म्हणाली, "तिसरे काम सांगून जाते. माझीही घरट्यात अंडी आहेत, मला आता इथे बसता येणार नाही. कांचनी आत गेली की पिल्लू स्वतः बाहेर येईपर्यंत हे दार उघडू नकोस. डोकावू नकोस. कोणी डोकावले तर ती पिल्लाला तोंडात धरून सैरावैरा फिरते, टाकून देते, कधी खाऊनही टाकते."

तीन महिने सरले. एका पहाटे कांचनी गुहेत गेली. दुपारी आतून बारीक चिवचिव आली. राजा धावत राणीकडे गेला. "झाले, पद्मगंधे. आता थोडेच दिवस."

दिवस गेले. राजा दाराबाहेर बसून असे. राज्यकारभार तिथेच चाले, कुजबुजत. फिर्यादी कुजबुजत भांडत, त्यामुळे भांडणेही लवकर मिटू लागली. आतली चिवचिव ऐकून राजा दाराबाहेर सुखात असे. आणि मग एका सकाळी चिवचिव थांबली. दुपार झाली तरी आवाज नाही. संध्याकाळी सरकवलेले मांस तसेच पडून होते.

दुसऱ्या दिवशी हंबीर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "महाराज, माझ्या मते पिल्लू आजारी आहे. आता काढले तर शेळीच्या दुधावर जगवता येईल. उद्या उशीर होईल."

शंभुभटही हात जोडून उभे राहिले. "उघडा, महाराज. पिल्लू गेले तर राणीसाहेब गेल्या."

दोघेही जीव तोडून सांगत होते, आणि त्यांचे खरेही असू शकत होते. राजा उठला. त्याने कडी धरली. लोखंड गार होते. तशीच कडी, तसेच दार, आणि त्या दिवशी पहाडावरही त्याला असेच वाटले होते की उघडल्याशिवाय चालणारच नाही. "तिला विचारू या," तो हळूच म्हणाला.

"कोणाला?" हंबीरने विचारले.

राजाने कडी न सोडता दाराला कान लावला, श्वास रोखला, दोघांना गप्प राहायची खूण केली. पहिल्याने काहीच ऐकू आले नाही. बराच वेळ काही नाही. मग लाकडातून त्याच्या गालाला काहीतरी जाणवले. बारीक, संथ, न थांबणारी घुरघुर. कांचनी पिल्लाला पाजत होती. भुकेल्या पिल्लाने रडावे, पोट भरलेल्याने कशाला?

राजाने कडी सोडली आणि तो दाराला पाठ लावून मटकन खाली बसला. "सगळे ठीक आहे," एवढेच म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. हंबीरने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. राजाच्या पाठीवरून हात फिरवायची रीत नव्हती, पण तेव्हा कोणाला सुचले नाही.

पुढे एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी मागच्या वाटेने एक नाक बाहेर आले. मग दोन निळे डोळे. मग सगळे पिल्लू, अंगभर काळे ठिपके, पाय एकीकडे आणि डोके एकीकडे. ते चार पावले चालले, तोंडावर आपटले, उठले आणि समोरच्या गवताच्या काडीवर गुरकावले. त्याच घटकेला काळ्या पहाडावर कोळशाचे पुन्हा सोने झाले, आणि गुहेची तुटकी कडी आपोआप सांधली गेली. महालात खिडकीशी पद्मगंधेने डोळे उघडले.

दासी ओरडत आल्या, राजा धावत सुटला. महालाच्या उंबऱ्यापाशी मात्र तो थांबला. राणी जागच्या जागी उभी होती. बोटे उघडून मिटून बघत होती, उन्हाकडे बघत होती. इतका काळ दगड असलेल्या माणसाला जग एकदम कसे पेलावे? दासी म्हणाल्या, "महाराज, जवळ जा. हाक मारा. हात धरा."

"नको," राजा म्हणाला. "तिचे तिला होऊ दे."

तो उंबऱ्याशी जमिनीवर बसला. ऊन खिडकीतून सरकत जमिनीवर आले. राणीने हळूहळू मान वळवली. तिने त्याचे पिकलेले केस पाहिले, मळलेला अंगरखा पाहिला, गुडघ्यावर घट्ट धरून ठेवलेले हात पाहिले. बराच वेळ ती पाहत राहिली.

"एवढे लांब का बसलात?" ती म्हणाली. "या ना जवळ."

तेव्हा राजा उठला आणि गेला.

डोंगरसिंहांचे कूळ पुढे वाढले. त्या राज्यात ढोल आता फक्त सणाला वाजतात. आणि आपली कहाणी दमली, ती इथेच उन्हाला बसली.