खळखळणारी साखळी

इंजिनातले भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका जुन्या मोटारीतली टायमिंगची साखळी झिजून सैल पडली होती. ती सारखी खळखळायची, झडपांची उघडझापीची वेळ चुकायची आणि त्या तिच्यावर खेकसायच्या, "अगं, गप्प बस ना जरा!"

एका रविवारी मालकीण कुमुदताईंनी अंगणातच इंजिन उघडलं आणि आतल्या दातेरी चक्रांवरच्या खुणा जुळवून नवी साखळी बसवली. इंजिन मजेत गुणगुणू लागलं.

"आता मी भंगारात!" जुनी साखळी रडवेली झाली.

पण कुमुदताईंनी तिला पुसून फाटकाला अडकवलं. संध्याकाळी कुणीतरी फाटक ढकललं आणि साखळी खळखळली.

"अगंबाई, कोण आलं?" कुमुदताई हसत धावल्या.

साखळी हरखली. त्याच खळखळीवर इथे दार उघडत होतं!