एक पायरी खाली

पोस्टातले बुरांडे बदली होऊन गडचिरोलीहून साताऱ्याला आले. त्यांची तनुजा सहावीला जिल्ह्यात पहिली आलेली. पण मुख्याध्यापक रणनवरेसरांनी गुणपत्रिका न उघडताच अर्जावर पुन्हा ‘सहावी’च लिहिलं.

"बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्याला पहिलं वर्ष एक पायरी खालीच बसवायचं. इथली रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो."

बुरांडे गयावया करू लागले, तसे सर उखडले. "मला शिकवू नका! लातूरला वीस वर्षं मुख्याध्यापक होतो, सोमवारीच इथं रुजू झालोय."

तनुजानं सरांची खुर्ची नीट न्याहाळली आणि साळसूदपणे विचारलं, "मग सर, पहिलं वर्ष या खुर्चीत कोण बसणार?"

सरांनी घसा खाकरला, ‘सहावी’ खोडली आणि ‘सातवी’ लिहिलं.