तांबट आळीचा ‘येतो’

गाडी वेशीबाहेर लावलीत ना? मग इथून पुढं पायी. आमच्या आळीत स्कूटरसुद्धा बंद करून ढकलत न्यावी लागते, आणि घोड्यावरचा नवरदेवही वेशीत पायउतार होतो. घरं हवी तेवढी बघा, पण दारांना हात लावायच्या आधी विचारा. मागं एक गृहस्थ जुन्या घरांचे फोटो काढतो म्हणून आले आणि टेप काढून जागा मोजायला लागले. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या तोंडाआधी त्यांच्या खिशांकडे बघतो. राग मानू नका. संशय हा आमच्या आळीचा जुना आजार आहे, आणि ही दारं, ही शांतता, सगळं त्यातूनच आलं असं सांगतात.

हे दार बघा. खालची फळी पहारीनं उचकटलेली दिसते? घर चार वेळा शाकारलं, रंगवलं, पण ही फळी कोणी बसवली नाही आणि बसवू देणारही नाही.

म्हणे, आळीतली सगळी दारं एकाच माणसाच्या हातची आहेत. गोंदा सुतार त्याचं नाव. आळी एकदा आगीत गेली, घरं नव्यानं उभी राहिली, तेव्हा त्याला नदीपलीकडच्या गावातून बोलावून आणलं होतं. तो जिवाजी तांबटांकडे राही, त्यांच्याच पंगतीला जेवी. जिवाजी आळीतले वडीलधारे. कळसाई देवीचा तांब्याचा मुखवटा तेव्हा त्यांच्याच देवघरात असे.

आता तांबटांच्या कानांचं सांगायला हवं. जन्मभर हातोडा ठोकून आमचे कान बसतात. पण ऐकू येत नाही हे कबूल कोण करतो? जे ऐकू येत नाही ते आम्ही मनानं भरून घेतो. तिथंच घात झाला.

जत्रा जवळ आली होती. जिवाजींची बायको सरजाबाई भाचीच्या लग्नाला माहेरी निघाली होती. निघण्याआधी तिनं मुखवटा उजळायला चिंचेच्या पाण्यात घातला आणि भांडं ठोकत बसलेल्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, देवी चिंचेत आहे, संध्याकाळी काढा." जिवाजींनी ऐकलं, देवी चिंतेत आहे. बायको गेली आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. देवीला कसली चिंता? आळीत कोणी परकं शिरलंय की काय? परका म्हणावा असा तर एकच माणूस होता.

दुपारी गोंदाला गावाकडून निरोप आला. हत्यारांची थैली खांद्याला लावून तो दारात उभा राहिला. "जिवाजीबाबा, आई लई आजारी आहे. येतो."

हातोडा चालूच होता. म्हाताऱ्याच्या कानात दोनच शब्द शिरले, एक ‘आई’ आणि दुसरा ‘नेतो’. आमच्याकडे देवीलाही आईच म्हणतात. त्यांनी मान वर केली तोवर गोंदा वळणाआड गेला होता. घाईघाईनं देवघरात जाऊन बघतात तर पाट रिकामा.

सगळी आळी धावली. त्याला नदीच्या उतारावरून ओढून आणलं. थैली झटकली तर पटाशा आणि रंधा निघाले. तेवढ्यावर संशय मिटायला हवा होता, पण उलट वाढला. याच्या थैलीत नाही म्हणजे यानं लपवला, आणि सुतार लपवणार तो दारातच, असं कोणीतरी बोललं. मग दारं ठोकून पोकळी शोधू लागले. या फळीचा आवाज वेगळा वाटला. आता आमच्या कानांना आवाज वेगळा वाटणार म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पहार घातली. आत लाकूडच होतं.

गोंदा हात जोडून म्हणत राहिला, "सोडा मला, आई वाट बघतीय." आणि आळी म्हणत राहिली, "आई वाट बघतीय, म्हणून तर विचारतोय, कुठं ठेवलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडलं, हत्यारं मात्र ठेवून घेतली. निघताना ‘येतो’ म्हणायची त्याची जन्मभराची सवय. इतकं होऊनही त्याच्या तोंडून ‘जातो’ निघालं नाही. वेशीत उभा राहून तो म्हणाला, "येतो." त्या वेळी हातोडे बंद होते. सगळ्यांनी नीट ऐकलं.

सरजाबाई परतली आणि परसात एकावर एक रचलेल्या भांड्यांतलं झाकलेलं सतेलं तिनं उघडलं. मुखवटा तिथंच होता, नवरा ठोकत बसायचा त्या जागेच्या पाठीमागं. चार दिवस चिंचेत राहून देवीचा एक गाल फिकट पडला होता. तो तुम्ही देवळात बघालच. सरजाबाईनं काय झालं ते विचारून घेतलं. मग ती नवऱ्याला घेऊन हत्यारांसकट नदीपलीकडे गेली. गोंदा पोचला तेव्हा त्याच्या आईची चिता विझली होती, असं तिथं कळलं. तो राख सावडून निघून गेला होता. कुठं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. चोरी झालीच नव्हती, आणि तरी एका माणसाचं सगळं गेलं.

तेव्हा आळीनं देवीपुढं शपथ घेतली म्हणे. तो ‘येतो’ म्हणून गेलाय, तेव्हा त्याला ओळखू यावीत म्हणून दारं बदलायची नाहीत. कोणी निरोप घेत असेल तर हातोडा खाली ठेवायचा, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, "येतो म्हणालात ना?" त्यानं होकार दिल्यावरच "या" म्हणायचं. शब्द नीट ऐकू यावा म्हणून घोडागाडीचा खडखडाट वेशीबाहेर ठेवला, पुढं इंजिनाचाही. शहरातून माणसं येतात आणि म्हणतात, किती छान, पायी फिरता येतं! आम्ही मान डोलावतो.

आळीतली माणसं खिडकीतून तुमच्याकडे टक लावून बघतायत, हे तुमच्या मघाशीच लक्षात आलं असेल. बघतातच. संशय अजून गेलेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. हा काही घेऊन जाईल, असं आता वाटत नाही. हा गोंदाच्या वंशातला तर नसेल, असं वाटतं. गोंदाच्या पटाशांना आजही दर जत्रेला तेल लावतो आम्ही.

अहो, मागचे, निळ्या सदऱ्याचे. तुम्ही आल्यापासून त्या चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवताय. विचारून लावा म्हटलं होतं ना मी? नाही, नाही, हात काढू नका. तुमचं गाव कुठलं म्हणालात?

जरा मोठ्यानं सांगा. मीही तांबटच आहे.